रात्रीची गाडी आणि बेलोऱ्याचं विमान



रात्रीची जेवणं आटोपली असतील. भांडी राहिली असतील तर घासत घासत ऐका, आम्हाला चालतं. आज आम्ही प्रवासाबद्दल बोलणार आहोत. देवदर्शनाचा नाही, माहेरचा नाही. गटाच्या कामासाठी, माल विकायला, मुंबईसारख्या लांबच्या गावी जायचं तर कसं जायचं, त्याबद्दल.

हा विषय आत्ता निघायला कारण आहे. १६ एप्रिल २०२५ ला आपल्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं. कित्येक वर्षं नुसतं ऐकत होतो, होणार होणार म्हणून. झालं एकदाचं. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, पंख्याचं, सत्तरेक माणसांचं विमान. पावणेदोन तासांत मुंबई. चांगली गोष्ट आहे, आम्हालाही आनंद झाला. पण तेव्हापासून गावात जो तो आम्हाला विचारतो, "काहून वं बाई, रातभर गाडीत कायले आंग मोडून घेता? आता इमान आलं ना!"

विचारणाऱ्यांत कितीजण स्वतः विमानात बसले ते सोडा. पण प्रश्न आला, तर नीट हिशेब करून उत्तर द्यावं असं आम्ही ठरवलं. बचत गटाच्या बाया आहोत, हिशेबाला घाबरत नाही.

आधी वेळेचा हिशेब. विमानाचे पावणेदोन तास म्हणजे फक्त आकाशातले. आपल्या गावाहून यष्टीनं अमरावती, तिथून ऑटोनं शहराबाहेर बेलोरा. तिथं तास-दोन तास आधी पोचायचं, सामानाची तपासणी, आपली तपासणी, मग बसून राहायचं. मुंबईत उतरल्यावर पट्ट्यावरून सामान येईपर्यंत उभं राहायचं आणि मग तिथल्या रहदारीतून मुक्कामाला पोचायचं. सगळं मिळून घरून निघाल्यापासून अख्खा दिवस जातो. शिवाय आज पोचलो की दुकान लावायचं उद्या, म्हणजे मधल्या रात्रीची खोली मुंबईत शोधायची. मुंबईतल्या खोलीचं भाडं काय असतं ते ज्यांनी दिलंय त्यांना विचारा.

आता गाडीचं बघा. अमरावतीहून अंबा एक्सप्रेस संध्याकाळी निघते. सकाळी जनावरांचं झालं, स्वयंपाक झाला, दुपारी शेतात चक्कर झाली, लेकरं शाळेतून आली, त्यांना बघून निघालं तरी गाडी मिळते. बडनेऱ्यावरून विदर्भ एक्सप्रेस धरली तरी तसंच. अकोला येईपर्यंत डबा उघडतो, मग पाठ टेकायची. भुसावळ, मनमाड झोपेत जातं. जाग येते तेव्हा मुंबई जवळ आलेली असते. साडेसहाशे किलोमीटरच्या वर अंतर गेलं आणि आपल्या कामाचा दिवस काही मोडला नाही. विमानानं दिवस जातो, गाडीनं रात्र जाते. आणि रात्र आपण तशीही झोपण्यातच घालवणार होतो. मुंबईतली एक खोली वाचते ती वेगळीच.

पैशांचं म्हणाल तर स्लीपरचं तिकीट साधारण साडेचारशे धरा, थर्ड एसीचं अकराशे-बाराशे. विमानाच्या तिकिटाचा असा एक भाव नसतो. आज एक, उद्या दुसरा, गर्दीच्या दिवसात तिसराच. महिनाभर आधी काढलं तर स्वस्त, आदल्या दिवशी काढलं तर डोळे पांढरे. आपल्या मेळाव्यांच्या तारखा किती आधी कळतात ते तुम्हाला माहीत आहेच.

पण आमच्या गटात खरा वाद तिकिटावरून झाला नाही. तो झाला कोण जाणार यावरून.

झालं असं. मुंबईच्या एका प्रदर्शनात आम्हाला जागा मिळाली. प्रवासासाठी एका संस्थेनं ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं. ती रक्कम अशी होती की विमानानं गेलं तर दोघींचं जाणं-येणं होतं. स्लीपरनं गेलं तर दहाजणींचं होऊन वर चहापाण्याला उरत होतं. संस्थेच्या माणसाचं म्हणणं, अध्यक्ष आणि सचिव विमानानं येऊ द्या, त्रास कशाला, माल आपण टेम्पोनं पाठवू. त्यांचा हेतू वाईट नव्हता. बैठकीत मात्र बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक काकू म्हणाल्या, "पापड आमी लाटाचे, अन् मुंबई अध्यक्षबाईनंच पाहाची का?"

हसू आलं सगळ्यांना. पण काकूंचं खरं होतं. आपल्या गटांत नेहमी हेच होतं. बाहेर जायची वेळ आली की बोलता येणाऱ्या, शिकलेल्या दोघी जातात. बाकीच्या घरी बसून कुरडया मोजतात. गिऱ्हाईक काय विचारतं, पुडीवर काय बघतं, दोनशे ग्रॅमची पुडी का उचलतं आणि किलोची का ठेवतं, हे त्यांना कधी दिसत नाही. जी बाई मुगवड्या घालते तिनंच त्या विकून बघायला पाहिजेत, निदान एकदा तरी. ही संधी स्लीपरच्या तिकिटात मिळते.

दुसरा मुद्दा मालाचा. विमानात साधारणपणे माणशी पंधरा किलोचा डाग फुकट, हातातली थैली वेगळी, तीही पाच-सात किलोची. त्याच्यावर गेलं की किलोमागे पैसे. लोणच्याची बरणी हातातल्या थैलीत चालत नाही. सुकं खोबरं तर सामानातही नको म्हणतात, त्याला तेल असतं, पेट घेईल म्हणून. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर माणशी चाळीस किलो फुकट नेता येतं. थर्ड एसीलाही चाळीसच. करा हिशेब. दोघी विमानानं गेल्या तर तीस किलो. दहाजणी गाडीनं गेल्या तर चारशे किलो, म्हणजे चार क्विंटल! अर्थात त्यात आपले लुगडे-पातळ, पांघरुणं आली. पण तरी तीन क्विंटल माल आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या बर्थखाली जातो. टेम्पोत पापडांचा काय चुरा होतो तो आम्ही बघितला आहे. एक लक्षात ठेवा, मोठी पेटी नको. लांबीला मीटरभर, रुंदीला ६० सेंटिमीटर आणि उंचीला २५, याच्यापेक्षा मोठा डाग डब्यात नेऊ देत नाहीत, तो लगेजच्या डब्यात टाकावा लागतो. लहान लहान थैल्या कराव्यात, बर्थखाली सरकतात. शेगडीचा सिलिंडर, रॉकेल असलं काही न्यायचं नाही. प्रदर्शनात भाकरी-ठेच्याचं दुकान लावायचं असेल तर सिलिंडर तिकडेच घ्यायचा.

आता घरच्यांचं. "रातच्याले बाया एकट्या जाणार?" हा प्रश्न प्रत्येकीच्या घरी झाला, कोणाकडे नवऱ्यानं विचारला, कोणाकडे सासूनं. विमान असतं तर कोणी काही म्हणालं नसतं, हेही खरं. विमान म्हटलं की मान असतो, गाडी म्हटलं की काळजी.

आम्ही त्यांना एवढंच म्हटलं, धोका कुठं असतो ते बघा. डब्यात सत्तर-ऐंशी माणसं असतात, त्यांत आम्ही दहा. टीसी येतो, पोलीस फिरतात. बाईला भीती असते ती स्टेशनपासून गावापर्यंतच्या अंधाऱ्या रस्त्याची, रात्री अकराला चुकलेल्या यष्टीची. रात्रीची गाडी त्या बाबतीत शहाणी आहे. जाताना उजेडात घरून निघतो. येताना मुंबईहून रात्री बसलो की सकाळी अमरावतीला, पहिल्या यष्टीनं घरी. अंधार सगळा गाडीत जातो. मुंबईला थोडं लवकर पोचलो आणि फटफटलं नसेल तर स्टेशनवर बायकांची वेगळी वेटिंग रूम असते, तिकीट दाखवून तिथं बसावं, तोंड धुवावं, उजाडल्यावर निघावं. घाई कोणाला आहे?

आणि कायदा काय म्हणतो तेही ऐका, कारण हे आपल्याला कोणी सांगत नाही. १९८९ चा रेल्वे कायदा आहे. त्याच्या कलम ५८ प्रमाणे प्रत्येक प्रवासी गाडीत बायकांसाठी डबा किंवा ठरावीक बर्थ राखून ठेवणं रेल्वेला बंधनकारक आहे. कलम १३९ त्याहून महत्त्वाचं. पुरुष सोबत नसलेल्या बाईकडे तिकीट नसलं, काही घोटाळा झाला, तरी तिला रात्री कुठल्याही स्टेशनवर उतरवून देता येत नाही. उतरवायचं तर जिथून ती बसली तिथं, किंवा जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनवर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तेही दिवसाच. याचा अर्थ बिनतिकीट जा असा नव्हे हं! पण तिकिटात नाव चुकलं, फोनमधलं तिकीट उघडेना, आणि कोणी दमात घेतलं तर घाबरून मध्यरात्री नांदुऱ्याला उतरायचं नाही. दंड असेल तो भरू म्हणायचं, आणि बसून राहायचं.

योगायोगानं मदतीचा फोन नंबरही १३९ च आहे. चोरी, छेडछाड, कोणी आपल्या बर्थवरून उठत नाही, डब्यात पाणी नाही, काहीही असो, १३९ लावायचा. २०२० पासून रेल्वे पोलिसांची 'मेरी सहेली' म्हणून मोहीम आहे. त्यात महिला पोलीस गाडी सुटताना एकट्या जाणाऱ्या बायांना भेटतात, डबा आणि बर्थ नंबर लिहून घेतात, पुढच्या स्टेशनवर कळवतात. आल्या तर नीट माहिती द्या, लाजू नका.

आता तिकिटाकडे येऊ, कारण अडतं ते तिथं.

गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशेवीस दिवस होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ केलं. खिडकीवर एका फॉर्मवर सहाजणींची नावं बसतात. आम्ही दहा होतो, दोन फॉर्म भरले. फॉर्मवर वय नीट टाका. इथं आपल्या बाया फसतात. कोणी चाळीस सांगते, कोणी अंदाजे पस्तीस. अगं, वय लपवून नुकसान आपलंच! ४५ आणि त्याच्या पुढच्या बायांना, गरोदर बाईला आणि म्हाताऱ्या माणसांना खालचा बर्थ देण्यासाठी प्रत्येक स्लीपर डब्यात सहा-सात बर्थ बाजूला ठेवलेले असतात. आधारवर जे वय आहे ते लिहा, खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. गुडघे दुखणारीला मधल्या बर्थवर चढवताना आमची काय तारांबळ होते ते आम्हालाच माहीत.

आणखी एक. लांबच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांत स्लीपरचे सहा बर्थ 'लेडीज कोटा' म्हणून असतात. एकटी बाई किंवा नुसत्या बायांचा गट असेल तर, वय काहीही असो, त्यातून तिकीट मिळतं. पुरुषाचं नाव त्याच तिकिटात घातलं की हा कोटा गेला. खिडकीवरच्या माणसाला तोंडानं सांगावं लागतं, "लेडीज कोट्यातून बघा." तो आपणहून बघेलच असं नाही. मोबाईलवर काढत असाल तर कोटा निवडायची जागा असते, तिथं 'लेडीज' करायचं.

वेटिंगचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये चढता येत नाही. मोबाईलवरचं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचं तिकीट आपणच जाऊन रद्द करायचं असतं, ते विसरलं की पैसे बुडाले. आरएसी असेल तर चढता येतं. त्यात बाजूचा खालचा बर्थ दोघींत मिळून असतो, बसून जायचं. दोघी आपल्याच गटातल्या असल्या तर एकमेकींच्या पायाशी पाय करून निभावून जातं. तत्काळ तिकीट आदल्या दिवशी सकाळी, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं. १ जुलै २०२५ पासून मोबाईलवरून तत्काळ काढायला खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते काम आदल्या दिवशी नको, आजच लेकीकडून नाहीतर पुतण्याकडून करून घ्या. म्हणजे 'माझ्याकडे सोपवा' म्हणत जादा पैसे मागणाऱ्यांच्या दारी जावं लागत नाही.

बर्थ नंबर हातात आला की खालचा की वरचा ते कसं ओळखायचं? आमच्यातल्या एका सुनेनं सोपा हिशेब शोधला. नंबराला आठानं भागायचं. एक किंवा चार उरले तर खालचा. दोन किंवा पाच उरले तर मधला. तीन किंवा सहा उरले तर वरचा. सात उरले तर बाजूचा खालचा, आणि पूर्ण भाग गेला तर बाजूचा वरचा. आमच्या सही करायला नुकत्याच शिकलेल्या मावशींनी सगळ्या दहाजणींचे बर्थ बोटावर मोजून सांगितले आणि टीसीलाही विचारलं, "बराबर हाये ना साहेब?"

बडनेऱ्याहून चढणार असाल तर तिकिटावर चढायचं स्टेशन बडनेराच लिहा. तिकीट अमरावतीचं आणि बसलो बडनेऱ्याला, तर मधल्या वेळात टीसी आपली जागा दुसऱ्याला देऊ शकतो.

आता थोडं आपल्या आपल्यातलं. पुरुष ऐकत असतील तर ऐकू द्या.

बाया प्रवासात पाणी पीत नाहीत. दुपारपासून घोटभर पाणी नाही, का? तर गाडीत संडासला जावं लागू नये. मग सकाळी डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि मुंबईतले चार दिवस त्यातच जातात. आमच्यातल्या दोघींचं असं झालं आहे. बायांनो, पाणी प्या. रात्री संडासला जाताना दोघी मिळून जा, एकीनं दाराशी उभं राहावं, लाजायचं काय त्यात? सोबत एक छोटी बाटली, साबणाचा तुकडा आणि जुना मऊ फडका ठेवा. पाळी आलेली असेल तर वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून डस्टबिनमध्येच टाका, भांड्यात टाकू नका. आता गाड्यांना जैविक संडास आहेत, खाली टाकी असते. त्यात कापड, पॅड, बाटली गेली की ते तुंबतं आणि पुढची रात्र सगळ्या डब्याला त्रास होतो. घाण करणाऱ्यांत फक्त पुरुषच असतात असं म्हणायला आम्ही धजत नाही!

स्लीपरमध्ये चादर-उशी मिळत नाही, एसीतच मिळते. घरची सतरंजी, पांघरूण न्यावं. पहाटे इगतपुरीच्या घाटात थंडी वाजते, उन्हाळ्यातही. मोबाईल रात्री अकराच्या आत चार्ज करून घ्या, अकरा ते पाच चार्जिंगची वीज बंद ठेवायचा रेल्वेचा नियम आहे. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडायचा, त्याच्या आधी-नंतर बसणाऱ्याला त्रास द्यायचा नाही. थैल्यांना साखळी लावा, खालच्या बर्थच्या बुडाशी कड्या असतात त्यासाठीच. विक्रीचे पैसे एकीकडे ठेवू नका, तिघींत वाटून, पोलक्याच्या आतल्या खिशात. आणि अनोळखी माणसानं दिलेला पेढा कितीही प्रेमानं दिला तरी नको म्हणा.

एवढं सगळं सांगितल्यावर वाटेल, गाडीचा प्रवास म्हणजे केवढा खटाटोप. खटाटोप पहिल्या खेपेला असतो. खरं सांगायचं तर आमच्यातल्या कितीतरी जणींना ती रात्र मुंबईपेक्षा जास्त आवडली. संध्याकाळी सात ते सकाळपर्यंत कोणी पाणी मागत नाही, कोणी जेवायला वाढ म्हणत नाही, चूल नाही, धार नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा असं बसलो, असं एक काकू म्हणाल्या. डब्यातल्या भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा मधे ठेवून सगळ्या एका गोलात जेवलो. शेजारच्या बर्थवरच्या भुसावळच्या बाईनं केळीचे वेफर्स काढले. तिचाही गट, तिचाही माल. तिनं आम्हाला पुडी सील करायच्या मशीनची माहिती दिली, ती आम्ही पुढे घेतली. पावणेदोन तासांच्या विमानात, पट्टा बांधून, अशी ओळख होते का कोण जाणे. येताना कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, घाट चढायला. धक्का बसतो आणि गाडी हळूहळू चढते. आमच्या मावशी जाग्या होत्या. म्हणाल्या, "आपल्यालेबी असं मांगून कोणी ढकललं असतं तं बरं झालं असतं." आम्ही म्हटलं, गट म्हणजे दुसरं काय आहे?

धुराबद्दलही थोडं बोललं पाहिजे. हल्ली पाऊस कधी येईल सांगता येत नाही, काढलेल्या तुरीवर पाणी पडतं, एप्रिलात गारा. हवेत धूर वाढल्यानं ऋतू बिघडले हे आपण याच रेडिओवर ऐकलं आहे. विमान रॉकेलासारखं इंधन जाळतं, आणि माणशी हिशेब केला तर विमानाचा धूर गाडीच्या कितीतरी पट असतो. गाडी विजेवर चालते. पण म्हणून तिचा धूर अजिबात नाही असं नाही. भुसावळजवळ दीपनगरची मोठी धुराडी आहेत, तिथं कोळसाच जळतो, आणि गाड्यांची बरीचशी वीज अशा कोळशातूनच येते. फक्त ती एका गाडीत हजार-बाराशे माणसांत वाटली जाते. आपण वर्षातून एकदा मुंबईला जाणार, आपल्यानं जगाचा धूर किती कमी होणार? फार नाही. पण ज्यांना दर आठवड्याला जायचं असतं त्यांनी तरी रात्रीची गाडी बघावी, असं आमचं मत आहे.

विमान वाईट असंही आमचं म्हणणं नाही. कोणाचं तातडीचं ऑपरेशन असेल, घरात मयत झाली असेल, तर विमान म्हणजे देवच. आणि हौस? ती सुद्धा खरी. बैठकीत सगळ्यात लहान सुनेनं विचारलं होतं, "काकू, तुमचं खरं हाये. पण मंग आमी इमानात बसाचं कवा?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिची हौस खोटी कशी म्हणणार? शेवटी असं ठरलं की मालाच्या प्रवासाचे पैसे मालाच्या प्रवासालाच. विमानाची हौस वेगळ्या डब्यात. तिनं दर महिन्याला पन्नास रुपये वेगळे टाकायला सुरुवात केली आहे. आता तिच्यासोबत आणखी चौघी टाकतात, त्यांत साठीच्या एक मावशीही आहेत.

एक गोष्ट खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी आजारपण आहे. आपल्या भागातून कितीतरी लोक कॅन्सरच्या उपचाराला मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत शंभर टक्के सवलत आहे, आणि सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो. पहिल्याच खेपेला तो मागून घ्या. आम्हाला अशी एक बाई गाडीत भेटली जी सहा खेपा पूर्ण पैसे भरून गेली होती. कोणी सांगितलंच नव्हतं तिला.

आता तक्रारीचं. २०२० च्या मार्चपर्यंत ५८ वर्षांच्या पुढच्या बायांना तिकीट अर्ध्या किमतीत मिळायचं. करोनात ती सवलत बंद केली. करोना गेला, सवलत आली नाही. आपल्या गटांत साठीच्या बाया कितीतरी आहेत, आणि सगळ्यात चांगलं लोणचं त्यांच्याच हातचं असतं. दुसरं, काही गाड्यांचे स्लीपरचे डबे कमी करून एसीचे वाढवले गेले. एसी वाईट नाही, पण साडेचारशेच्या जागी अकराशे भरायचे तर दहाजणींच्या जागी चौघी जातील. अमरावतीला विमान यावं म्हणून किती अर्ज गेले, किती मोर्चे निघाले. शकुंतला बंद पडली तेव्हा अचलपूरच्या बायांचं कोणी विचारलं नाही. स्लीपरच्या डब्यासाठी अर्ज करायचा तर तो आपल्यालाच करावा लागणार. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर आम्ही दोन मागण्या लिहिल्या आहेत. एक, बायांची सवलत परत सुरू करा. दोन, रात्रीच्या गाड्यांचे स्लीपर डबे कमी करू नका. अर्ज खासदारांकडे आणि रेल्वेच्या भुसावळ विभागाच्या कार्यालयाकडे जाणार आहे. ज्या गटांना सही करायची आहे त्यांनी आपल्या सीआरपी ताईंकडे नाव द्यावं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आम्ही आरक्षणाचे कोरे फॉर्म घेऊन येतो. प्रत्येकीनं एक फॉर्म स्वतःच्या हातानं भरायचा. येताना आधार कार्ड घेऊन या, आणि वय त्यावर जे आहे तेच.